गिरिधर नेवारेंची जबानी

गिरिधर नेवारे यांचा धड ओळखू येईल असा एकच फोटो आहे, आणि तो मी काढलेला आहे. बोरडोह गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी लोखंडी फाटक आहे, त्याच्या बाजूच्या आठ फुटी फलकावर तो लागलाय. काकाजी एका तोडलेल्या बुंध्याशेजारी उभे आहेत, हातात कुऱ्हाड. खाली लिहिलंय ‘पूर्वी’. शेजारी दाट झाडीने भरलेल्या टेकडीचा फोटो, त्याखाली ‘आता’. दोन्ही फोटो एकाच सकाळी, अर्ध्या तासाच्या अंतराने काढलेत. मीच काढलेत, म्हणून सांगते.

मी नागपूरच्या महालातली, अरुंधती. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केलं आणि नऊ वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, म्हणजे तास घेतला तर पगार, नाहीतर ठणठण गोपाळ. मग रामदासपेठेतल्या एका कंपनीत नोकरी लागली. काम काय, तर जंगल राखायचं. आई म्हणाली, देव पावला बाई, झाडांचे पैसे मिळायला लागले. आईला वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. कुठेतरी दूर कारखाने धूर सोडतात, आणि त्या धुराच्या बदल्यात कोणाच्या तरी झाडांनी जिरवलेला धूर विकत घेतात. त्याला म्हणतात कार्बन क्रेडिट. आमची कंपनी अशी झाडं शोधायची, गावाशी करार करायची, क्रेडिट विकायची आणि गावाला वाटा द्यायची. कागदावर सगळं सोन्यासारखं होतं.

बोरडोह नागपूरपासून तासाभरावर, उमरेडच्या बाजूला आहे. गावाची ढालटेकडी सातबाऱ्यावर गुरचरण म्हणून लिहिलेली, पण तिच्यावर ऐन, धावडा, तेंदू, मोह, चारोळीचा चार असं अस्सल इथलं जंगल दाटलेलं. मी पहिल्यांदा गेले तो दिवस गायगोधनाचा होता, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. साठेक गाई मोरपिसं बांधून, शिंगं रंगवून वाजतगाजत येत होत्या. पुढे डोक्याला लाल फेटा गुंडाळलेला, सत्तरीला टेकलेला एक वाळका माणूस नाचत होता. तोच गावाचा गायकी, गिरिधर नेवारे. गायकी म्हणजे गावाची ढोरं चारणारा गोवारी. त्याच्या बापाने हेच केलं, आज्यानेही हेच.

मिरवणूक थांबली तेव्हा दोन भाऊ बांधावरून भांडत पुढे आले. त्यातल्या थोरल्याने गिरिधरकाकाजींच्या पांढऱ्याशुभ्र गाईची, धवरीची, शेपटी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाला, ‘बांध मी सरकवला नाई.’ संपलं. धाकटा मुकाट्याने त्याच्या पाया पडला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

‘असं काय पाहून राहिली वं पोरी?’ काकाजी हसले. ‘शेपूट धरून कोनी खोटं बोलत नाई. पन गाय आपल्या हातची चरलेली पायजे. ह्या दोघाईनं धवरीले वासरू असतानी माह्यासंगं चारलं हाय. बजारातून आनलेल्या गाईचं शेपूट धरून बोललं तं ते बोलनंच नाई.’

पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्यामागे टेकडी पालथी घातली. पोळ्यापासून गायगोधनापर्यंत पूर्वेच्या उतरणीवर एकही ढोर जाऊ द्यायचं नाही, गवताचं बी पडू द्यायचं, रोपट्यांना खूर लागू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. गायगोधनानंतर ती बाजू उघडायची आणि पश्चिमेची बंद करायची. उन्हाळ्यात वणवा लागला तर हा माणूस ऐनाची डहाळी घेऊन एकटा विझवत फिरायचा. ऐनाची झाडं किती म्हणून विचारलं तर ते बोटं मोडत सांगायचे, आणि आम्ही मोजायचो तेव्हा दहा-वीसचाच फरक निघायचा. दुपारी ताकाचा गडवा माझ्यापुढे ठेवून म्हणायचे, ‘पे बाई, तू वाळून राहिली उन्हात.’ कॉलेजातल्या नऊ वर्षांत शिकले नाही तेवढं मी त्या पंधरा दिवसांत शिकले.

मी हुरळून सगळं लिहून आणलं, आणि आमचे विक्रम सर कपाळाला हात लावून बसले. त्यांनी संगणकावर उपग्रहाची जुनी चित्रं उघडली होती. तीस वर्षांत टेकडी दर वर्षी थोडी थोडी हिरवी होत गेलेली.

‘अगं, हे तर आधीच वाचलेलं जंगल आहे!’ ते ओरडले. ‘याचे पैसे कोण देणार? वाचलेल्या झाडाला पैसे नसतात, अरुंधती. मरणारं झाड आपण वाचवलं, तर पैसे. मला धोका दाखव. जंगल कोण तोडतंय, कोण जाळतंय, कोण चारून संपवतंय ते दाखव.’

‘कोणीच नाही, सर. एक माणूस ते राखतोय.’

‘मग त्यालाच विचार,’ सर म्हणाले.

मी तेव्हा राजीनामा द्यायला हवा होता. नाही दिला. घराचा हप्ता, आईची औषधं, सगळ्यांना असतात ती कारणं मलाही होती. पण खरं सांगू? मला त्या कामाचा मोह सुटत नव्हता.

सरपंच सुशीलभाऊंनी ग्रामपंचायतीत बैठक लावली. करार झाला तर समाजमंदिर, शुद्ध पाण्याचं यंत्र, शाळेला नवं छत, असं सगळं त्यांनी वाचून दाखवलं आणि मग गिरिधरकाकाजींकडे वळले. ‘काकाजी, तुमाले फक्त येवढंच म्हनाचं हाय का मी टेकडी चारून, तोडून संपवून राहिलो. बाहेरून एक साहेब येईन, त्याच्याम्होरं.’

काकाजींना आधी हसूच आलं. ‘काहून गा सुशील, मी हिरव्या झाडाले कुराड कवा लावली? माह्या घरात कुराड हाय तरी का?’

‘कुराड आमी देतो!’ कोणीतरी मागून म्हणालं आणि सगळे खो खो हसले.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. ‘पोरी, शेपूट धरून म्हनाले लावतीन का?’

‘नाही काकाजी. कागदावर अंगठा फक्त.’

‘मंग काई नाई,’ ते म्हणाले. ‘कागदावरचं खोटं कागदाले लागते, मानसाले नाई लागत. गावाचं भलं होत असंन तं म्हनतो म्या.’ मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. ‘पन माही ढोरं टेकडीवर जातीन ना?’

आमच्या अहवालाचं पान एक्केचाळीस म्हणजे ‘धोका’. पान बेचाळीसवर लिहिलं होतं की ज्यांच्यापासून धोका आहे त्यांना आणि त्यांच्या जनावरांना प्रकल्पाच्या हद्दीत प्रवेश नाही. मी ते वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण त्या पानाचं मराठी भाषांतर मीच केलं होतं.

‘जातील हो काकाजी,’ मी म्हणाले. ‘हे फक्त कागदापुरतं.’

फाल्गुनात तो बाहेरचा तपासनीस आला. चांगला माणूस होता बिचारा, दुभाष्याच्या तोंडून सगळं नीट लिहून घेत होता. आणि काकाजींनी काय रंगवलं! ‘दर साली शंभर झाडं पाडतो साहेब. उन्हाळ्यात आग लावतो, मोह येचाले सोपं जाते म्हून. ढोरं तं मुळासकट खातात.’ मागे बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सुशीलभाऊंनी डोळा मारला. गावात नाटक बसवलं असतं तरी इतकी मजा आली नसती. अंगठा उठवताना काकाजी स्वतःच हसत होते.

तपासनिसाला पुरावा म्हणून फोटो हवा होता. मी विचारलं, ‘काकाजी, टेकडीवर तोडलेलं एखादं झाड आहे का?’ ते म्हणाले, ‘एक हाय.’

तो ऐनाचा बुंधा होता. वीज पडून झाड वाळलं होतं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात काकाजींची बायको अंजनाबाई गेली, तेव्हा गावात कुठे कोरडं लाकूड मिळेना. म्हणून ते वाळलेलं झाड तोडून तिला जाळलं. त्या टेकडीवर त्यांनी तोडलेलं ते एकमेव झाड. हे सगळं त्यांनी मला चालता चालता सांगितलं. बुंध्याजवळ पोचल्यावर चप्पल काढली, हात टेकवला, आणि मग मी दिलेली कुऱ्हाड घेऊन उभे राहिले.

मी म्हणाले, ‘काकाजी, हसू नका. थोडं रागाने बघा.’ त्यांनी बघितलं, आणि मी फोटो काढला.

वैशाखात टेकडीभोवती चर खणला आणि फाटक बसवलं. गावातल्या चौघींना रखवालदाराची नोकरी मिळाली, हिरवं जाकीट आणि शिट्टी. त्यातली एक काजल, काकाजींचीच सून. नवरा बुटीबोरीत कामाला, घरी सासरा आणि ती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तसं. पण तिला दांडा म्हणायचं तर मला काय म्हणायचं?

पहिल्याच सकाळी काकाजींचा फोन आला. मागे घंटा वाजत होत्या, ढोरं हंबरत होती.

‘पोरी, फाटकाले कुलूप हाय. चाबी कोनापाशी हाय?’

‘काकाजी, चाबी आता मिळणार नाही.’

‘मंग ढोरं कुठं नेऊ?’

मी म्हणाले, मी मीटिंगमध्ये आहे. मीटिंग नव्हती. मी ऑफिसच्या जिन्यात पायरीवर बसले होते.

ढोरं कुठेच नेता आली नाहीत. आजूबाजूला सगळी शेतं. लोकांनी आठ-पंधरा दिवस दावणीला कडबा घातला आणि मग एकेक करून बाजार दाखवला. ज्यांची ढोरं गेली त्यांना गायकी कशाला पाहिजे? काकाजींच्या स्वतःच्या सात गाई होत्या. त्याही आषाढ-श्रावणात एकीमागून एक गेल्या. धवरी तेवढी त्यांनी ठेवली. बांधाबांधाने फिरून भारा कापून आणायचे, तिला घालायचे, आणि स्वतः उकिडवे बसून ती खाते ते बघत राहायचे.

आणि गाव? गावाने नाटकच खरं मानलं. फलक लागला, शाळेच्या सहली येऊ लागल्या, बाई मुलांना समजावून सांगायच्या की पूर्वी आपल्याकडे असे लोक होते. समाजमंदिराच्या उद्घाटनात सुशीलभाऊ माईकवर म्हणाले, ‘काही लोकांनी टेकडी खाल्ली होती, आपण ती वाचवली.’ टाळ्या पडल्या. काकाजी मागे जमिनीवर बसले होते. मी सुशीलभाऊंचा चेहरा पाहत होते. ते खोटं बोलत नव्हते, ते विसरले होते. अरे, शरम वाटायला निदान आठवण तरी लागते! चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि वर त्याच्या नावाने पेढे वाटायचे.

भाद्रपदात काकाजी एस. टी.ने नागपूरला आले आणि बसस्टँडपासून विचारत विचारत चालत रामदासपेठेत पोचले. ऑफिसच्या चकचकीत फरशीवर चप्पल बाहेर काढून उभे राहिले. मला पोरी म्हणाले नाहीत.

‘म्याडम, जबानी परत घेयाची हाय.’

विक्रम सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, फार गोड बोलले. ‘काकाजी, आता तुम्ही खरं बोललात तर सगळा प्रकल्पच रद्द होतो. पाण्याचं यंत्र जाईल, काजलची नोकरी जाईल. गावाचं नुकसान कराल का?’

काकाजींनी ग्लास तसाच ठेवला. ‘तुमी लिहू नका. माह्या गावाले तरी समजू द्या. गायगोधनाले धवरीचं शेपूट धरून सगळ्याइसमोर सांगतो, का म्या टेकडी राखली. मंग ते पोट्टे त्या फलकाले पाहून थुकनार नाईत.’

ते गेल्यावर सर मला म्हणाले, ‘गायगोधनाला आपण व्हिडिओ करतोय. खरेदीदार बघणार आहेत. तिथं तमाशा नको.’ मी जागेवर गेले आणि चारही रखवालदारांना निरोप पाठवला: नियम कडक पाळा, एकही जनावर आत दिसलं तर थेट कोंडवाडा. बोरडोहमध्ये बारा वर्षं त्या टेकडीवर चढलेलं जनावर एकच उरलं होतं. मला ते माहीत होतं.

आश्विनात, दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना, धवरी दावं तोडून निघाली आणि पावसाने ढासळलेला चर उतरून टेकडीवर गेली. पूर्वेच्या उतरणीवर गवत छातीएवढं माजलं होतं. काजलने शिट्टी वाजवली, फोटो पाठवला आणि घरच्याच गाईला हाकलत कोंडवाड्यात नेलं. तिने मला नंतर सांगितलं, ‘ती माह्यामागं मुकाट आली, म्याडम. तिले वाटलं मी घरी नेऊन राहिली.’

सोडवायला दंड आणि एक हमीपत्र लागत होतं. दंडाचे पैसे काकाजींनी कानातल्या बाळ्या मोडून आणले. हमीपत्रात एवढंच होतं की हे जनावर मी पुन्हा प्रकल्पात सोडणार नाही. साधा, खरा, निरुपद्रवी कागद. मी स्वतः तो घेऊन गेले, कारण माझं मन मला खात होतं, आणि मला वाटलं आता तरी काहीतरी नीट करावं.

काकाजींनी हात मागे घेतले.

‘आता म्या कागदावर अंगठा देत नाई.’

‘काकाजी, यात काही नाही हो. मी शप्पथ घेते. अंगठा द्या आणि गाय घेऊन जा.’

‘मांगच्या वेळीबी तुमी असंच म्हनाल्या होत्या, म्याडम.’

काजल रडली, तिने पाय धरले. ‘मामाजी, द्या ना जी अंगठा!’ शेजारी ओरडले, म्हातारा हट्टाला पेटला. मी पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. आयुष्यात मी त्यांना दाखवलेला तो पहिला खरा कागद होता, आणि त्यांनी तोच नाकारला. सात दिवस ते कोंडवाड्याच्या भिंतीबाहेर बसून होते. भिंतीवरून गवताची पेंढी आत टाकायचे. आत ती हंबरली की हे बाहेरून ‘हाव बाई, हाव’ म्हणायचे. आठव्या दिवशी नियमाप्रमाणे बेवारस जनावरांचा टेम्पो आला आणि धवरीला घेऊन गेला. कुठे, ते मी चौकशी करूनही कळलं नाही. चौकशी फार केली असंही नाही.

गायगोधनाचा दिवस उजाडला. बोरडोहमध्ये एकही गाय नव्हती. पण व्हिडिओ व्हायचा होता ना! सरांनी नागपूरहून टेम्पोत एक गाय मागवली, गुबगुबीत, शिंगांना सोनेरी कागद, गळ्यात आमच्या कंपनीचं नाव छापलेली झूल. ढोल वाजायला लागले. सुशीलभाऊंनी नव्या तांदळाची खिचडी तिच्यापुढे धरली. गाय बुजली, खाईना. कॅमेरेवाला म्हणाला, परत एकदा.

तेवढ्यात गर्दी सरकली. काकाजी आले होते. डोक्याला तोच लाल फेटा. ढोल आपोआप थांबले. सुशीलभाऊ पुढे झाले, सरांनी मला खूण केली, पण कोणी त्यांना हात लावला नाही. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं ते कशासाठी आलेत. गायीच्या मागे जाऊन ते उभे राहिले. त्यांनी हात लांब केला. देवा, आता बोलू दे त्यांना, असं मला मनापासून वाटलं, हे खोटं नाही सांगत. आणि नको, नको, असंही वाटलं.

त्यांची बोटं शेपटीच्या गोंड्यापर्यंत गेली आणि थांबली.

‘ही माह्या हातची चरली नाई,’ ते म्हणाले. ‘इचं शेपूट धरून खरं बोललो, तरी ते बोलनं नाई.’

त्यांनी हात खाली घेतला. फेटा सोडला, त्याची घडी केली, काखेत धरली आणि आल्या वाटेने गेले. काजल फाटकाशी हिरव्या जाकिटात उभी होती. तिने मान वर केली नाही. सुशीलभाऊंनी ढोलवाल्यांना हात केला. ढोल वाजले. या खेपेला गाईने खिचडी खाल्ली आणि व्हिडिओ छान झाला. एका कोपऱ्यात लाल फेटा दिसत होता, तेवढं नंतर कापलं.

महिनाभराने पहिल्या वर्षाचा अहवाल भरायचा होता. पान एक्केचाळीसवर काकाजींचं नाव होतं, आणि त्यापुढे एक रकाना: धोका अजून आहे का?

मी लिहिलं, ‘नाही.’